गाण्याचा धडा हेही साधनच : उदगीरमधून एक संशोधन-प्रश्न

पीएच.डी.ची सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिल्या पानावर एक वाक्य हमखास येतं : "पूर्वी ज्ञान गुरूकडून मिळत असे, आज ते इंटरनेटवरून मिळते." विषय शेतीचा असो, संगीताचा असो की शिक्षणाचा, वाक्य तेच. ऐकायला बरं वाटतं, कोणी हरकत घेत नाही. पण समितीतल्या एखाद्या मॅडमनी शांतपणे "पूर्वी म्हणजे नेमकं कधी?" एवढंच विचारलं, तर पुढचं काही सुचत नाही.

आज आपण याच वाक्याची चिरफाड करू. पेट, नेट, सेटची तयारी करणाऱ्यांना "संशोधन-प्रश्न कसा शोधायचा" हे पुस्तकातून कळतं, पण हातात येत नाही. म्हणून उदाहरण मुद्दाम असं घेतोय, की जे वरवर इतिहासाचं वाटणारच नाही : मोबाइलवरचे धडे बघून गिटारवर एक जुनं रॉक गाणं शिकणं.

समजा, तुम्ही उदगीरला राहता. घरात भजनाची परंपरा आहे, शेजारी कन्नड बोलणारं कुटुंब आहे, उरुसाच्या दिवसांत कव्वाली कानावर पडते. तुम्ही एक साधी गिटार विकत घेतली आहे आणि डीप पर्पल या इंग्रजी बँडचं "स्मोक ऑन द वॉटर" वाजवायचं आहे. शिकवणारं जवळ कोणी नाही. मग तुम्ही फोन उघडता. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आपलं काम इथून पुढे सुरू होतं.

आधी गाणं, मग धडा

हे गाणं १९७२ च्या "मशीन हेड" या अल्बममधलं. डिसेंबर १९७१ मध्ये हा बँड रेकॉर्डिंगसाठी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो या तलावाकाठच्या गावी गेला होता. तिथल्या कॅसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन उडवली, इमारत पेटली आणि धूर जिनिव्हा सरोवरावर पसरला. गाणं या घटनेबद्दलच आहे. म्हणजे गाणं स्वतःच एका आगीचं साक्षीदाराचं निवेदन आहे. इतिहासवाल्यांना आवडावं असंच.

त्याची सुरुवातीची गिटारची धून जगभर नवशिक्यांना शिकवली जाते. आता गंमत बघा. सोप्या धड्यांत ती बहुतेक वेळा सगळ्यात जाड, एकाच तारेवर शिकवतात : मोकळी तार, मग तिसरा पडदा, मग पाचवा. मूळ रेकॉर्डवर रिची ब्लॅकमोरनं दोन तारा एकदम छेडल्या आहेत, त्याही प्लास्टिकच्या पिकनं नाही, बोटांनी. त्या दोन स्वरांमधलं अंतर चौथ्या स्वराचं आहे. आपल्या भाषेत सांगायचं, तर वरचा स्वर सा असताना खालचा मंद्र प. दुसऱ्या प्रकारच्या धड्यांत दोन तारा असतात, पण अंतर पाचव्या स्वराचं, कारण रॉक गिटारमध्ये ती पकड जास्त सवयीची आहे. ऐकणाऱ्याला तिन्ही एकच वाटतात. कान लावून ऐकलं तर तिन्ही वेगळ्या आहेत.

एखाद्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांना ही धून ऐकवा. ते इंग्रजी नाव न ऐकताच सांगतील : सा, कोमल ग, शुद्ध म, आणि दुसऱ्या वेळी मध्ये निसटता तीव्र म. तो तीव्र म अमेरिकन ब्लूजमधून आलेला आहे. म्हणजे उदगीरमध्ये बसून या धुनीचं विश्लेषण करायला लागणारी भाषा आपल्याकडे आधीपासून आहे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता संशोधनाचा मुद्दा. गाणं कसं वाजवलं होतं हा तुमचा प्रश्न असेल, तर १९७२ ची ध्वनिमुद्रिका हे प्राथमिक साधन आणि ऑनलाइन धडा हे दुय्यम साधन. एकाच तारेवरचा धडा त्या प्रश्नासाठी कच्चं साधन ठरेल. पण तुमचा प्रश्न "लोक गाणं कसं शिकले" हा असेल, तर तोच धडा प्राथमिक साधन होतो. त्यात शिक्षकानं काय सोपं केलं, काय गाळलं, हे त्या शिक्षकाच्या मनातला विद्यार्थी कोण होता ते सांगतं. चुकीचा धडासुद्धा शिकण्याच्या इतिहासाचा चांगला पुरावा असतो. साधन चांगलं की वाईट हे प्रश्नावर ठरतं. ही एक गोष्ट पक्की केलीत, तर साधनांवरचं निम्मं प्रकरण सोपं होईल.

पुस्तकात शिरलेला गुरू

आता "पूर्वी" या शब्दाकडे वळू. पूर्वी म्हणजे गुरू समोर बसून शिकवायचा, असं आपण धरून चालतो. त्यासाठी काय करावं लागे, हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या चरित्रात दिसतं. मिरजेजवळच्या बेडगचा हा मुलगा गाणं शिकायला ग्वाल्हेरपर्यंत गेला. पण हे चित्रही एकोणिसाव्या शतकातच हलायला लागलं होतं.

बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली आणि स्वरलिपी वापरून वर्गात शिकवायला घेतलं. १९०१ मध्ये विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या खजिन्यावर न विसंबता, लोकांच्या देणग्यांवर. आणि मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून बंदिशी गोळा करून "क्रमिक पुस्तक मालिके"च्या सहा भागांत हजाराहून अधिक बंदिशी स्वरलिपीसह छापल्या.

या दोन विष्णूंच्या लिपी वेगवेगळ्या आहेत. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिलं तर तो तार सप्तकातला. पलुसकर पद्धतीत तेच टिंब मंद्र सप्तक दाखवतं. एकच खूण, अर्थ बरोबर उलटा. जुनं हस्तलिखित किंवा वही हातात आली आणि ती कोणत्या परंपरेतली हे न बघता तुम्ही वाचायला लागलात, तर संपूर्ण चाल भलत्याच सप्तकात जाईल. साधन वाचण्याआधी त्याची लिपी कोणाची हे विचारायचं, ते यासाठी.

आणखी एक बारीक गोष्ट बघा. भातखंड्यांनी १९१० पासून मराठीत लिहिलेला "हिंदुस्थानी संगीत पद्धती" हा मोठा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. शिष्य प्रश्न विचारतो, गुरू उत्तर देतो. म्हणजे समोरच्या गुरूची जागा घेऊ पाहणाऱ्या पुस्तकालाही आत एक गुरू बसवावा लागला. आता ऑनलाइन धडा आठवा. शिक्षक कॅमेऱ्याकडे बघून म्हणतो, "इथं तुमचं बोट अडखळेल, घाबरू नका." त्याला तुम्ही दिसत नाही. तरी तो तुमच्याशी बोलतो. शंभर वर्षांचं अंतर असलेल्या या दोन साधनांनी एकच अडचण एकाच युक्तीनं सोडवली आहे. तुलना करायची ती अशी. "तेव्हा होतं, आता नाही" अशी नाही.

तबकडी, रेडिओ, कॅसेट

पुस्तकानं स्वर पोचवले, पण आवाजाचा लगाव, श्वास, लय कशी खेचायची हे कागदावर येत नव्हतं. ते तबकडीनं पोचवलं. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं आणि पुढच्या दोनतीन दशकांत ग्रामोफोन गावोगावच्या दुकानांत पोचला. पण तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीनेक मिनिटं मावायची. तासभर चालणारा राग तेवढ्यात बसवायचा, म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे यंत्र ठरवत होतं.

भीमसेन जोशींची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि १९३३ मध्ये अकराव्या वर्षी घर सोडलं. ही गोष्ट आपण "रेकॉर्डवरून शिकले" म्हणून सांगतो. नीट बघा : रेकॉर्डनं त्यांना ओढ लावली. शिकायला ते ग्वाल्हेर, रामपूर, जालंधर फिरले आणि शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे राहिले. याउलट कुमार गंधर्व बालवयातच मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवत. पुढे त्यांनाही मुंबईत बा. र. देवधरांकडे शिकावं लागलं. एकाच यंत्राचे दोन वेगळे परिणाम झाले, पण दोघांनाही यंत्रापाशी थांबता आलं नाही. का? हा प्रश्न हातात ठेवा.

मग गिटार आपल्याकडे ऐकू आली कशी? मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत इंग्रजी रॉकच्या कितीतरी आधी हिंदी सिनेमातून. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला होती, १९५७ पासून विविध भारती. या गाण्यांच्या वाद्यवृंदात गोव्यातले अनेक वादक होते. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवत, त्यामुळे मुंबईच्या स्टुडिओत लिहिलेलं संगीत समोर ठेवलं की ते वाजवू शकत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. आणि माँत्रोचा कॅसिनो ज्या १९७१ साली जळला, त्याच साली "हरे रामा हरे कृष्णा" आला. त्यात राहुल देव बर्मन यांच्यासाठी गिटार वाजवली भूपिंदर सिंग यांनी. इलेक्ट्रिक गिटारचा तो आवाज इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या लाखो कानांपर्यंत पोचला.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि एक मोठा बदल झाला, ज्याकडे फारसं लक्ष जात नाही : रिवाइंड. तबकडीवर सुई उचलून नेमक्या जागी ठेवणं कटकटीचं होतं. कॅसेटवर तोच तुकडा वीस वेळा ऐकणं सोपं झालं. फक्त एक अडचण राहिली. टेपचा वेग निम्मा केला की स्वर एक सप्तक खाली जातो. आज यूट्यूबवर वेग निम्मा करा, स्वर तिथेच राहतो. छोटी तांत्रिक बाब, पण ऐकून उतरवणाऱ्याला तिनं केवढी मोकळीक दिली! साधनांचा इतिहास लिहिताना असली बटणं सोडू नका. पीटर मॅन्युएल यांचं "कॅसेट कल्चर" (१९९३) हे पुस्तक भारतातल्या कॅसेटबद्दलच आहे, मिळवून वाचा.

गिटारचा स्वतःचा इतिहास

बाहेरच्या जगातही "आधी गुरू, मग इंटरनेट" असं घडलेलं नाही. १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये बर्ट वीडनचं "प्ले इन अ डे" हे गिटार शिकवणारं पुस्तक निघालं. एरिक क्लॅप्टन आणि पॉल मॅकार्टनी यांच्यासारख्यांचे हात त्यावर बसले. त्यांचा गुरू दुकानात विकत मिळत होता.

मग आली टॅब. सहा तारांसाठी सहा रेघा आणि कोणत्या पडद्यावर बोट ठेवायचं त्याचे आकडे. वाटते आधुनिक, पण सोळाव्या शतकात युरोपात ल्यूटवादक अशीच लिपी वापरत. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठातून "ऑन-लाइन गिटार अर्काइव्ह" सुरू झालं. लोक स्वतः कानानं उतरवलेल्या टॅब तिथं टाकत. संगीत प्रकाशकांच्या कायदेशीर इशाऱ्यांपुढे ते २००६ मध्ये बंद पडलं. २००३ मध्ये जस्टिन सँडरको या शिक्षकानं आपल्या संकेतस्थळावर मोफत धडे द्यायला सुरुवात केली होती, आणि २००५ मध्ये यूट्यूब आलं.

ऑनलाइन विषयांवर काम करणाऱ्यांनी या अर्काइव्हच्या शेवटाकडे नीट बघावं. मोडी कागद वाळवी खाते, तशी सर्व्हरलाही वाळवी लागते. आज दिसणारा धडा उद्या काढून टाकलेला असू शकतो. म्हणून धडा बघितलात त्या दिवशीच तारीख, शिक्षकाचं चॅनेल, लांबी, भाषा, शीर्षक वहीत लिहा आणि स्क्रीनशॉट ठेवा. "दुवा जपून ठेवला होता" हे कारण व्हायव्हात चालत नाही.

दार कोणासाठी उघडलं?

आता खरा कठीण भाग. प्रत्येक साधनानं कोणासाठी तरी दार उघडलं. पलुसकर-भातखंड्यांच्या शाळा आणि पुस्तकांमुळे मध्यमवर्गीय घरांतल्या मुलामुलींना गाणं शिकणं प्रतिष्ठेचं झालं. पण जानकी बखले यांनी "टू मेन अँड म्युझिक" (२००५) या पुस्तकात दाखवलंय, की याच प्रक्रियेत ज्यांनी हे संगीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, त्या मुसलमान उस्तादांचं स्थान बाजूला ढकललं गेलं. पेशानं गाणाऱ्या स्त्रियांच्या वाट्यालाही नव्या "सभ्य" शाळांत मान आला नाही. दार उघडताना उंबरा कुठे सरकला, हेही बघावं लागतं.

मोबाइलचंही तसंच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि लहान शहरांत धडे बघणं परवडू लागलं. जातीमुळे ज्याला कोणी शेजारी बसवून शिकवलं नसतं, त्याला धडा जात विचारत नाही. ही लहान गोष्ट नाही, तिची टिंगल करू नका. पण पुढचे प्रश्नही विचारा. घरात एकच चांगला फोन असेल तर तो मुलाच्या हातात असतो की मुलीच्या? धडा इंग्रजीत असेल तर मराठी माध्यमातला विद्यार्थी शब्द ऐकतो, की फक्त बोटं बघतो? हिंदीतले धडे पुष्कळ आहेत, मग मराठीतून गिटार शिकवताना "फ्रेट"ला पडदा म्हणायचं की फ्रेटच?

आणि मघाचा प्रश्न, यंत्रापाशी थांबता का येत नाही? माझं उत्तर असं आहे : पुस्तकानं स्वर पोचवले, तबकडीनं आवाज, कॅसेटनं पुनरावृत्ती, व्हिडिओनं हाताची ठेवण. प्रत्येकानं आधीच्यात नसलेलं काहीतरी दिलं. पण "इथं तू चुकलास" हे यातलं कोणतंच साधन शिकणाऱ्याकडे बघून सांगू शकलं नाही. शिकवणं साधनांत वाटलं गेलं. दुरुस्ती माणसांकडेच राहिली. एकाच तारेवर धून शिकलेल्याला ती मूळची वेगळी आहे हे कोण सांगतं? एखादा मित्र, ऑर्केस्ट्रात वाजवणारा दादा, किंवा मघाचे पेटीवाले काका. तेव्हा "गुरूची जागा इंटरनेटनं घेतली का?" यापेक्षा "दुरुस्ती करणारा कान प्रत्येक काळात कुठे होता?" हा प्रश्न जास्त धारदार आहे. पहिल्याचं उत्तर हो किंवा नाही. दुसऱ्यासाठी गावात फिरावं लागतं.

मग उदगीरमध्ये काय करायचं?

उदगीरचा इतिहास म्हटलं की १७६० ची लढाई, किल्ला आणि फार तर २०२२ चं साहित्य संमेलन. गावातलं संगीतशिक्षण हा विषय त्यात कुठेच येत नाही. म्हणजे जागा आहे. सुरुवात अशी करता येईल :

१. आधी नकाशा सरळ करा. १९५६ पर्यंत उदगीर हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होतं, मग उस्मानाबादमध्ये गेलं आणि १९८२ पासून लातूरमध्ये आहे. म्हणून जुन्या नोंदी लातूरला शोधून भागणार नाही. निजामकाळातली कागदपत्रं हैदराबादच्या अभिलेखागारात, तीही बरीचशी उर्दू-फारसीत. उर्दू वाचणारा मित्र जोडून घ्या.

२. तीन पिढ्यांतली माणसं गाठा : भजनी मंडळातले ज्येष्ठ पेटीवादक, कॅसेटच्या काळात ऑर्केस्ट्रा किंवा बँड पार्टीत वाजवणारे, आणि आज मोबाइलवर शिकणारे. मन्मथस्वामींचे अभंग म्हणणारे, कव्वालीला साथ करणारे, कन्नड वचनं गाणारे हेही त्यात यायला हवेत. नाहीतर तुमचं उदगीर एकभाषिक होईल, जे ते कधीच नव्हतं.

३. सगळ्यांना तेच चार प्रश्न विचारा. पहिलं गाणं कोणतं बसवलं? कशावरून? किती दिवस लागले? चूक कोणी दाखवली? चौथ्या प्रश्नावर थांबा. बोलणाऱ्याला आठवू द्या. तिथंच एखादं नाव येईल, जे कोणत्याही पुस्तकात नाही.

४. लेखी संमती घ्या, मुलाखत रेकॉर्ड करा, विनंती असेल तर नाव बदला. आणि बोलणाऱ्याला एक तुकडा वाजवायला सांगा. हातात जे असतं ते पुष्कळदा तोंडी सांगता येत नाही.

पंधरावीस मुलाखतींतून संपूर्ण मराठवाड्याबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही, आणि काढूही नका. पण एका गावाबद्दल, एका प्रश्नाचं, पुराव्यासह उत्तर देता येईल. सिनॉप्सिसला तेवढं पुरतं.

आपल्याकडे "गाईड" हा शब्द दोन अर्थांनी चालतो. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं पुस्तकही गाईड आणि पीएच.डी.चे मार्गदर्शकही गाईड. पहिलं गाईड उत्तर देतं. दुसरं तुमचं पान वाचून समासात लिहितं, "हे कशावरून?" पहिल्या पानावरचं ते "पूर्वी-आज" वाक्य खोडा, त्याजागी तुमच्या गावातल्या एका माणसाचं, एका सालाचं आणि एका साधनाचं वाक्य लिहा, आणि मगच ते पान त्यांच्यापुढे ठेवा.